तोफा चढवलेले व्यापारी जहाज लहानशा गोळ्याने कसे बुडते? ‘होकोकु मारू’विषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा रत्नागिरीकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. नोव्हेंबर 1942 मध्ये ‘बेंगॉल’ या आपल्या लहानशा माइनस्वीपरने (समुद्री सुरुंग काढणाऱ्या नौकेने) हिंदी महासागरात एक भली मोठी जपानी क्रूझर बुडवली आणि आजोबा तेव्हा त्याच जहाजावर होते, असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. दहा हजार टनांची युद्धनौका मोजक्या गोळ्यांनी बुडते हे आपल्याला पटत नाही. आणि ती इतकी कच्ची असेल तर जपान्यांनी तिला लढाईवर काढलेच कशाला, असेही आपण विचारले आहे.

लढाई झाली, यात शंका नाही. ती 11 नोव्हेंबर 1942 रोजी कोकोस बेटांच्या नैऋत्येस, कोणत्याही किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात झाली आणि तीत ‘होकोकु मारू’ हे जपानी जहाज बुडाले. परंतु आपल्या मनातला घोटाळा लढाईच्या वर्णनामुळे नसून त्या जहाजाच्या जातीमुळे झाला आहे. होकोकु मारू क्रूझर म्हणून बांधलीच नव्हती. ती प्रवासी आणि माल वाहून नेण्यासाठी बांधलेली व्यापारी बोट होती. तिच्यावर नंतर तोफा चढवल्या गेल्या. मी इतिहासकार नाही. माझे आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आणि त्यानंतर सर्व्हेअर म्हणून गोद्यांमध्ये जहाजे तपासण्यात गेले; मूळ कामासाठी बांधलेले जहाज दुसऱ्याच कामासाठी बदलले की त्याच्या पोटात काय काय तसेच राहून जाते, हे पाहणे हाच त्या धंद्याचा मोठा भाग असतो. त्यामुळे मी उत्तर त्या बाजूने देतो.

आधी जहाजाची कुळकथा. जपान सरकारने 1937 पासून उत्तम दर्जाची, वेगवान जहाजे बांधणाऱ्या कंपन्यांना अनुदान देण्याची योजना राबवली. अनुदानाची अट वेगाची आणि आकाराची होती, आणि तिच्यामागचा हिशेब उघड होता : शांततेच्या काळात ही जहाजे कंपनीला उत्पन्न देतील आणि युद्ध पेटले की नौदल ती ताब्यात घेईल. ओसाका शोसेन काइशा या कंपनीने आफ्रिकेच्या मार्गासाठी तीन एकसारखी जहाजे मागवली, ती म्हणजे होकोकु मारू, आइकोकु मारू आणि गोकोकु मारू. ओकायामा प्रांतातल्या तामा येथील मित्सुईच्या गोदीत ती बांधली गेली. होकोकु मारूचे जलावतरण 1939 च्या जुलैत झाले आणि 1940 च्या जूनमध्ये ती तयार झाली. सुमारे 10,400 टन, दीडशे मीटरच्या आसपास लांबी, दोन डिझेल इंजिने, जहाज पुढे ढकलणारे पाण्याखालचे दोन पंखे आणि ताशी 21 नॉटचा वेग. त्या काळच्या व्यापारी जहाजासाठी 21 नॉट हा वेग फार मोठा होता. आजही मालवाहू जहाजाला इतका वेग देताना मालक इंधनाच्या बिलाकडे पाहून दहा वेळा विचार करतो.

युरोपात युद्ध पेटलेले असल्यामुळे आफ्रिकेचा मार्ग तिच्या नशिबी आला नाही. ती काही काळ जपान ते चीनच्या किनाऱ्यावरचे दायरेन या मार्गावर फिरली. 1941 च्या ऑगस्टअखेरीस नौदलाने तिला ताब्यात घेतले. आइकोकु मारूची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे : ती बांधून पूर्ण झाली आणि लगेच नौदलाच्या हाती गेली, म्हणजे जिच्यासाठी बांधली ती प्रवासी वाहतूक तिने कधी केलीच नाही. दोघींवरही प्रत्येकी आठ मोठ्या तोफा, विमानविरोधी तोफा, डेकवर पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या नळ्यांचे दोन जोडसंच आणि टेहळणीसाठी पाण्यावर उतरणारी विमाने बसवण्यात आली. आठ तोफांची ही संख्या कागदावर एखाद्या हलक्या क्रूझरला शोभणारी आहे, आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्यालाही तसेच वाटले असणार.

त्यांनी मिळवलेले यशही नोंदवले पाहिजे, कारण त्याशिवाय आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. डिसेंबर 1941 मध्ये प्रशांत महासागरातल्या पिटकर्न बेटाच्या परिसरात या जोडीने ‘व्हिन्सेंट’ हे अमेरिकन मालवाहू जहाज बुडवले, आणि 2 जानेवारी 1942 रोजी ‘मालामा’ या दुसऱ्या अमेरिकन जहाजाच्या खलाशांनी जपानी विमान डोक्यावर आलेले पाहून आपले जहाज स्वतःच बुडवून टाकले. पुढे दोघी हिंदी महासागरात आल्या. इथे त्यांचे मुख्य काम शिकारीचे नव्हते. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेलेल्या जपानी पाणबुड्यांना भर समुद्रात तेल, पाणतीर आणि शिधा पुरवणे हे ते काम होते. मे महिन्याच्या अखेरीस मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात ‘रॅमिलीज’ या ब्रिटिश युद्धनौकेवर हल्ला करणाऱ्या छोट्या पाणबुड्या ज्या मोठ्या पाणबुड्यांनी वाहून नेल्या होत्या, त्यांचा हा चालता-फिरता तळ होता. जाता येता सावज मिळाले तर तेही घ्यायचे. 9 मे रोजी ‘जेनोटा’ हा डच टँकर त्यांनी जसाच्या तसा पकडला. जपान्यांनी त्याचे नाव ‘ओसे’ ठेवून त्याला आपल्या आरमाराच्या तेलपुरवठ्याला जुंपले. 5 जूनला ‘एलिसिया’ हे ब्रिटिश जहाज त्यांच्या हल्ल्यात सापडले आणि एका पाणबुडीने त्याचा शेवट केला. 12 जुलैला फ्रीमँटलहून कोलंबोकडे निघालेले न्यूझीलंडच्या कंपनीचे ‘हौराकी’ हे मोटरशिप (डिझेल इंजिनाचे जहाज) मालासकट हाती लागले. पकडलेला टँकर आणि पकडलेले मोटरशिप हे बुडवलेल्या जहाजापेक्षा कितीतरी किमती असते, हे कुठल्याही जहाजमालकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ मुद्दा. व्यापारी जहाजावर तोफ चढवणे हे काम गोदीच्या दृष्टीने फारसे अवघड नाही. तोफेचे वजन आणि तिचा धक्का सहन करायला डेकखाली खांब द्यावे लागतात, पत्र्यावर जाड पत्रा मारावा लागतो, आणि वरचे वजन वाढले म्हणून स्टॅबिलिटी म्हणजे तोल सांभाळण्यासाठी तळाशी बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, टाकावे लागते. चांगली गोदी हे काही आठवड्यांत करून देते. जे काही आठवड्यांत करता येत नाही, ते म्हणजे जहाजाचे पोट बदलणे. युद्धनौका बांधताना मनात प्रश्न हा असतो की गोळा आत शिरला तर पुढे काय होईल. म्हणून तिच्यात लहान लहान कप्पे असतात, दारूगोळ्याचे कोठार पाण्याच्या पातळीखाली आणि चिलखताआड असते, गरज पडली तर कोठारात पाणी सोडून ते बुडवण्याची सोय असते, कोठारापासून तोफेपर्यंत गोळे नेणाऱ्या वाटेवर आगीचा लोळ खाली उतरू नये म्हणून झडपा असतात, आणि आग विझवणाऱ्या पाण्याची नळी एका ठिकाणी फुटली तरी दुसऱ्या वाटेने पाणी मिळते. व्यापारी जहाज बांधताना प्रश्न वेगळाच असतो : माल लवकर कसा चढेल, लवकर कसा उतरेल आणि जागा वाया कशी जाणार नाही. म्हणून होल्ड, म्हणजे मालाची कोठारे, ऐसपैस असतात, इंजिनरूम ही एका मोठ्या दिवाणखान्यासारखी तळापासून वरच्या डेकपर्यंत उघडी असते, आणि बाजूचा पत्रा हा समुद्राच्या पाण्याला अडवण्यापुरता असतो, गोळ्याला अडवण्यासाठी नाही.

यात आणखी एक गोष्ट येते, जी पुस्तकांत फारशी सापडत नाही पण गोदीत रोज दिसते. जहाजात नवे यंत्र बसवले की नव्या केबली आणि नवे पाइप न्यावे लागतात, आणि ते नेताना वॉटरटाइट बल्कहेडला, म्हणजे कप्पे वेगळे करणाऱ्या जलरोधक भिंतीला, भोके पाडावी लागतात. प्रत्येक भोकाला ग्लँड, म्हणजे केबलीभोवती घट्ट बसणारे बूच, बसवून ते बंद करायचे असते. काम घाईचे असले की कुठेतरी एक भोक केबलीच्या आकारापेक्षा मोठे पडते, त्यात कापडाचा बोळा कोंबला जातो, वरून रंग मारला जातो, आणि कागदोपत्री बल्कहेड वॉटरटाइटच राहते. सर्व्हेअर म्हणून मी कप्प्यातले दिवे बंद करायला सांगतो, एका माणसाला मोठा टॉर्च घेऊन पलीकडच्या बाजूला उभा करतो आणि अलीकडून बल्कहेडवर नजर फिरवतो. जिथे उजेडाची तीट दिसते तिथून पाणीही येणार आणि धूरही. शांततेच्या काळात, बिनघाईच्या कामातही ही तीट बऱ्याचदा दिसते. 1941 च्या शरद ऋतूत, युद्धाची तारीख जवळ येत असताना बदललेल्या जहाजाबद्दल मी यापेक्षा चांगली अपेक्षा ठेवणार नाही. मात्र होकोकु मारूच्या बाबतीत हे माझे अनुमान आहे, नोंदलेली गोष्ट नाही.

यापुढचे अनुमान नाही. पाणतीरांच्या नळ्या उघड्या डेकवर होत्या. प्रत्येक पाणतीराच्या डोक्यात मोठ्या प्रमाणावर स्फोटक भरलेले असते, आणि त्याच जहाजावर विमाने आणि विमानांसाठी लागणारे पेट्रोलही होते. डिझेल आणि पेट्रोल यांतला फरक इंजिनरूमच्या माणसाला शिकवावा लागत नाही : डिझेलच्या सांडलेल्या थारोळ्यावर साधी ठिणगी पडली तर बहुतेक वेळा काही होत नाही, पेट्रोलची नुसती वाफ पुरते. म्हणजे अंगावर चिलखत नाही, पोटात मोठमोठे रिकामे कप्पे, डेकवर उघडे पाणतीर आणि जवळपास पेट्रोल. अशा जहाजाला मोठा गोळा लागण्याची गरज नसते. लहान गोळा योग्य जागी लागला की पुढचे काम जहाजातलाच माल करतो.

आता लढाईकडे वळू. ‘ओंडिना’ हा सुमारे 6,300 टनांचा डच टँकर फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाला होता आणि त्याच्या सोबतीला बेंगॉल होती. बेंगॉल ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉकटू गोदीत बांधलेली, 1942 च्या ऑगस्टमध्येच सेवेत आलेली नवीकोरी नौका. वजन सुमारे 650 टन, लांबी 57 मीटर, वेग ताशी 15 नॉट. तिच्यासाठी आराखड्यात चार इंची तोफ होती, परंतु ती न मिळाल्यामुळे एक बारा-पौंडी तोफ बसवलेली होती आणि तिच्यासाठी चाळीसच्या आसपास गोळे होते. ओंडिनावर एक चार इंची तोफ आणि 32 गोळे होते. ती चालवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन नौदलाचा बर्ट हॅमंड हा खलाशी होता. समोरून येणाऱ्या होकोकु मारू आणि आइकोकु मारू या दोन जपानी जहाजांवर मिळून सोळा मोठ्या तोफा होत्या.

दुपारच्या सुमारास जपानी जहाजे दिसली तेव्हा बेंगॉलचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ओंडिनाला निसटायला सांगितले आणि स्वतःची नौका थेट शत्रूच्या दिशेने घातली. शौर्याची गोष्ट म्हणून हे सांगितले जाते, आणि ती आहेच; पण दर्यावर्दी माणसाला त्यातला हिशेबही दिसतो. 21 नॉटच्या जहाजापुढे 15 नॉटची नौका आणि 12 नॉटचा टँकर पळून कुठे जाणार? आखूड पल्ल्याची तोफ असलेल्याने अंतर कमी करणे हाच एक मार्ग होता, आणि शिवाय त्यामुळे जपानी तोफचींचे लक्ष विभागले गेले. ओंडिनाचे कॅप्टन विलेम हॉर्समन यांनीही नुसते पळणे पत्करले नाही. त्यांनी आपली तोफ चालवायला सुरुवात केली.

थोड्याच वेळात होकोकु मारूच्या उजव्या बाजूच्या पाणतीर-संचाच्या जागी गोळा लागला, तिथे प्रचंड स्फोट झाला आणि आग भडकली. आग मागच्या भागात पसरत गेली, शेवटी मागचे दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि जहाज बुडाले. जहाजावरच्या 354 जणांपैकी 76 जण गेले. त्यांत कॅप्टन इमाझातो हिरोशी होते. उरलेल्यांना आइकोकु मारूने पाण्यातून वर घेतले.

इथवरचे सांगून झाल्यावर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल, आणि ते घरातल्या आठवणीला थोडे टोचणारे आहे. तो निर्णायक गोळा कुणाचा होता? बेंगॉलवरच्या लोकांना तो आपला वाटला, ओंडिनावरच्यांना आपला. दोन जहाजे एकाच लक्ष्यावर मारा करत असताना, समोर धूर आणि पाण्याचे फवारे उडत असताना, कुणाचा गोळा कुठे पडला हे तोफेमागून ठरवणे फार कठीण असते. म्हणून दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. बहुतेक अभ्यासकांचा कौल आज ओंडिनाच्या बाजूने आहे. मलाही तेच अधिक संभवनीय वाटते, आणि माझे कारण वजनाचे आहे. बारा-पौंडीचा गोळा जेमतेम सहा किलोचा, चार इंचीचा सुमारे चौदा किलोचा. पाणतीराचा स्फोट घडवायला दोन्ही पुरेसे ठरू शकतात, हे मान्य. तरी लांबून अचूक मारा करण्याचे आणि आत शिरून फुटण्याचे काम मोठ्या गोळ्याला अधिक साधते. पण म्हणून बेंगॉलचे श्रेय पुसले जात नाही. बेंगॉल पुढे सरसावली नसती तर सुरुवातीच्या त्या काही मिनिटांत दोन्ही जपानी जहाजांनी सगळा मारा त्या टँकरवर केला असता, आणि ओंडिनाच्या तोफचींना नेम जुळवायला उसंत मिळाली नसती. तेव्हा ‘बेंगॉलने बुडवली’ यापेक्षा ‘बेंगॉल आणि ओंडिना यांनी मिळून बुडवली’ असे म्हणणे खऱ्याच्या अधिक जवळ जाते.

लढाईचा उरलेला भाग मला तांत्रिक दृष्टीने अधिक बोधक वाटतो, आणि त्याची चर्चा कमी होते. गोळे संपत आल्यावर बेंगॉल धुराच्या आड निघून गेली आणि ओंडिना बुडाली असे समजून 17 नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला पोहोचली. बेंगॉलवर कुणीही दगावले नव्हते. आइकोकु मारूने आता ओंडिनाकडे मोर्चा वळवला. टँकरवर गोळे पडले, कॅप्टन हॉर्समन ब्रिजवरच, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातच, मारले गेले, दारूगोळा संपला आणि खलाशांनी जहाज सोडले. आइकोकु मारूने जवळ येऊन दोन पाणतीर मारले आणि पाण्यातल्या जीवरक्षक बोटींवर मशिनगनही चालवल्या. त्यानंतर, टँकर बुडणारच असे गृहीत धरून, ती निघून गेली. टँकर मात्र बुडाला नाही. एका बाजूला कलून तो तरंगत राहिला. खलाशी पुन्हा वर चढले, आग विझवली, कल सरळ केला, इंजिन सुरू केले आणि 18 नोव्हेंबरला ते जहाज फ्रीमँटलला परत आणले.

दोन पाणतीर पोटात घेतलेला टँकर घरी परततो, आणि आठ तोफांचे जहाज एका स्फोटमालिकेत तळाला जाते. याचे कारण दैवात शोधण्याची गरज नाही. टँकरची रचनाच मुळी एकाला एक लागून असलेल्या, आडव्या आणि उभ्या बल्कहेडांनी तोडलेल्या टाक्यांची असते. ओंडिना तेल भरायला निघाली होती, तिच्या टाक्या रिकाम्या होत्या; पाणतीरांनी फोडलेल्या टाक्यांत पाणी शिरले आणि बाकीच्या टाक्यांनी जहाज उचलून धरले. रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी असे मात्र कुणी समजू नये. तेल काढून घेतलेल्या पण वायू न काढलेल्या टाकीइतकी भयंकर जागा जहाजावर दुसरी नसते, आणि माझ्या धंद्यातले कित्येक अपघात अशाच टाक्यांत झालेले आहेत. पण नुसत्या तरंगण्याचा प्रश्न असेल तर कप्प्यांची संख्या आणि त्यांतला रिकामेपणा यांच्याइतके कामाचे काही नाही. ब्रिटिशांनी आपली प्रवासी जहाजे तोफा चढवून समुद्रात पाठवली तेव्हा त्यांच्या होल्डमध्ये रिकामी पिंपे भरली, ती याच कारणासाठी.

ब्रिटिशांचा उल्लेख आला म्हणून सांगतो, हा कच्चेपणा जपान्यांपुरता नव्हता. मुंबई-लंडन मार्गावर चालणारी पी अँड ओ कंपनीची ‘रावळपिंडी’ ही तोफा चढवलेली बोट नोव्हेंबर 1939 मध्ये दोन जर्मन युद्धनौकांसमोर सापडली आणि थोड्याच वेळात बुडाली. जर्मनांच्या ‘कोर्मोरान’चे उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी लागू पडणारे आहे. नोव्हेंबर 1941 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापाशी या वेषांतर केलेल्या मालवाहू जहाजाने ‘सिडनी’ या खऱ्याखुऱ्या क्रूझरला जवळ येऊ दिले आणि ती बुडवली. सिडनीवरचे सर्वच्या सर्व 645 जण गेले. पण त्याआधी सिडनीचे जे थोडे गोळे कोर्मोरानला लागले त्यांनी तिचे इंजिन आणि आग विझवण्याची यंत्रणा निकामी केली, आग आटोक्यात येईना, आणि पोटात समुद्री सुरुंगांचा साठा असल्यामुळे जर्मनांना आपले जिंकलेले जहाज स्वतःच सोडून द्यावे लागले. अशी जहाजे कपटाने आणि जवळून पहिला घाव घालू शकली तर भयंकर असतात. उघड्यावर गोळ्यांची देवाणघेवाण करायची वेळ आली की त्यांच्या मर्यादा दिसू लागतात. होकोकु मारूने नेमकी हीच दुसरी लढाई स्वीकारली, समोर दोन दुबळी जहाजे आहेत या भरवशावर.

मग जपान्यांनी अशी जहाजे वापरलीच का? कारण पर्यायांशी तुलना केली तर हिशेब वाईट नव्हता. खरी क्रूझर बांधायला वर्षे लागतात आणि ती आरमाराच्या मुख्य लढाईसाठी हवी असते. तिला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत एकट्या टँकरच्या मागे धाडणे परवडत नाही. याउलट वेगवान डिझेल जहाजाला पल्ला असतो, होल्ड असतात, माणसे ठेवायला केबिनी असतात. पाणबुड्यांना तेल आणि पाणतीर पुरवणे, पकडलेल्या जहाजांवर आपले खलाशी घालणे, कैदी ठेवणे, या सगळ्याला क्रूझरपेक्षा प्रवासी-मालवाहू जहाजच सोयीचे. म्हणजे ती ज्या कामात खरोखर उपयोगी पडली ते काम व्यापारी जहाजाच्या जुन्या कामाशीच जुळणारे होते. तरीही एकंदरीत मिळकत थोडी राहिली, हेही खरे. जर्मनांच्या ‘अटलांटिस’ या एकट्या, अशाच तोफा चढवलेल्या व्यापारी जहाजाने 22 जहाजे घेतली, या जपानी जोडीच्या खात्यावर पाचच येतात. मला यामागे जपानी नौदलाची वृत्ती दिसते : त्यांच्या दृष्टीने खरी लढाई आरमाराची आरमाराशी होती आणि व्यापार तोडणे हे दुय्यम काम होते, त्यामुळे त्यासाठी ना पुरेशी जहाजे दिली गेली, ना वेषांतराचा आणि एकाकी भटकंतीचा जर्मनांसारखा अभ्यास झाला. आपले उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने. हीच जहाजे जर्मन पद्धतीने चालवली असती तर चित्र वेगळे दिसले असते.

या लढाईनंतर जपानने हिंदी महासागरातली अशी शिकार जवळजवळ बंद केली. आइकोकु मारूला सैन्य आणि सामान वाहून नेण्याच्या कामाला लावण्यात आले. फेब्रुवारी 1944 मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटांवरील अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात तिच्यातल्या दारूगोळ्याने पेट घेतला आणि तिचा पुढचा भाग उडून गेला. त्याच हल्ल्यात, त्याच खाडीत, ‘होकी मारू’ नावाचे दुसरे एक जहाज बुडाले, ते म्हणजे या जोडीने पकडलेले हौराकी. धाकट्या गोकोकु मारूला नोव्हेंबर 1944 मध्ये ‘बार्ब’ या अमेरिकन पाणबुडीने क्यूशूच्या जवळ बुडवले. बेंगॉल मात्र युद्धातून सुखरूप बाहेर पडली आणि पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलातही राहिली.

राहता राहिला आजोबांचा प्रश्न. युद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्हीचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातल्या, विशेषतः कोकणी मुसलमान घराण्यांतून येत असत आणि युद्धकाळात भरती सर्व प्रांतांतून वाढली, तेव्हा रत्नागिरीचा माणूस बेंगॉलवर असणे अगदी शक्य आहे. परंतु नुसत्या आठवणीवर थांबू नका. घरात त्यांच्या नोकरीचा दाखला असेल तर त्यात जहाजांची नावे आणि त्यांच्यापुढे तारखा लिहिलेल्या असतील. 11 नोव्हेंबर 1942 ही तारीख ‘बेंगॉल’ या नावापुढच्या मुदतीत येते का, एवढेच पाहायचे. दोन ठिकाणी फसगत होण्याचा संभव आहे. बेंगॉलच्याच आराखड्याची ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’ ही तीन जहाजेही ऑस्ट्रेलियात आपल्या नौदलासाठी बांधली गेली होती. त्यांवरचा माणूसही ‘मी ऑस्ट्रेलियाहून नवी बोट घेऊन आलो’ असेच सांगणार. आणि दाखल्यात ‘डलहौसी’ असे नाव दिसले तर ते समुद्रावरचे जहाज समजू नका. ते मुंबईत कॅसल बॅरॅक्समधले नौदलाचे जमिनीवरचे ठाणे होते, आणि दोन जहाजांच्या मधल्या काळात खलाशांची नावे तिथल्या पटावर असत. दाखल्याच्या त्या पानाचा फोटो इथे टाकता आला तर, सेवाक्रमांक झाकून टाका. नोंदींतले संक्षेप लावायला मी मदत करीन.